जहाजांच्या दगडांची भिंत

काचेची पट्टी मधोमध तुटली होती. तुटलेल्या कडांमध्ये नखाच्या जाडीइतकी फट होती. तेवढ्याने मी घाबरले नसते, पण डावी कड उजवीपेक्षा किंचित खाली बसली होती. बोट फिरवलं की बोटाला पायरी लागत होती.

सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतात तसली ती साधी काच. मागच्या सुट्टीत घरी आले होते तेव्हा भिंतीच्या भेगेवर ती आडवी धरून मी दोन्ही टोकांना सिमेंटचा ठिपका दिला होता. काच ताणली जात नाही. भिंत जागेवर असेल तर काच अख्खी राहते, भिंत हलली तर तुटते, आणि कशी तुटली यावरून भिंतीचा रोख कळतो. नुसती फट पडली असती तर भिंत फुगते आहे एवढंच म्हणता आलं असतं. एक बाजू खाली बसली होती, म्हणजे भिंतीखालची जमीनही जागा सोडू लागली होती.

पाऊस पडतच होता. वादळ नव्हतं, वाराही नव्हता. नारळाच्या झावळ्या स्थिर लोंबत होत्या आणि त्यांच्यावर सरळ, जाड पाऊस कोसळत होता. रेडिओवर राजधानीतून, सुव्हाहून सांगत होते की तो आठवडाभर हलणार नाही. डोंगराच्या वरच्या बाजूला चर्चकडे जाणारी वाट आदल्या दिवशीच मातीखाली गेली होती. आता आमच्या देलाइवातू गावाहून निघायला एकच वाट उरली होती, डोंगराच्या सोंडेवरून खाली मातासावा बंदराकडे जाणारी. आणि त्या वाटेने खाली मुक्कामाला जायचं नाही, हे आम्हाला जन्मापासून ठाऊक असतं.

आमची भिंत बंदराइतकीच जुनी आहे. पूर्वी इथे देवमाशांचे शिकारी आले, मग चंदनवाले, मग कापूसवाले आणि खोबरंवाले. रिकामं जहाज समुद्रात डगमगतं, म्हणून ती जहाजं पोटात दगड भरून यायची. इथे तेलाची पिंपं चढली की दगड वाळूवर फेकून निघून जायची. आमचं बेट सगळं काळ्या ज्वालामुखी खडकाचं. पण आमच्या भिंतीत गुलाबी दगड आहे, पिवळा वाळूचा दगड आहे, पाटीसारखा निळसर दगड आहे. लहानपणी मी त्या गुलाबी दगडावर हात ठेवून विचारायचे, हा कुठला? सगळे म्हणायचे, जहाजाचा. त्या एका उत्तराने समाधान झालं नाही म्हणून मी दगड शिकायला गेले. आज सुव्हाला डोंगरांचे उतार मोजणं हीच माझी नोकरी आहे.

पहिल्या व्यापाऱ्याने डोलकाठी दुरुस्त होईपर्यंत किनाऱ्यावर जागा मागितली होती. आमच्या मूळ पुरुषाने पाहुण्याला देतात तशी ती दिली. डोलकाठी दुरुस्त झाली, जहाज गेलं, व्यापारी राहिला. मग त्याची झोपडी, मग दारूचा गुत्ता, मग कचेरी, मग तुरुंग. आमच्या मोठ्या घराचा चौथरा होता त्याच जागी दगडी गोदाम उभं राहिलं. विचारायला गेलो तेव्हा एक कागद दाखवण्यात आला. तेव्हा आमचा मूळ पुरुष सगळ्यांना घेऊन वर आला. वाळूत पडलेले जहाजांचे दगड आमच्या माणसांनी पाठीवर वाहून आणले आणि उतारावर ही भिंत रचून तिच्यामागे माती भरली. जमिनीच्या बदल्यात आम्हाला मिळालेली एवढीच वस्तू. त्या भरावावर आमची घरं आहेत. आणि मूळ पुरुष म्हणाला होता, ती वाळू परत आपली होईपर्यंत तिच्यावर आपली चटई पडणार नाही.

नंतर बंदराचं नशीब फिरलं. सरकारने राजधानीसाठी ते पाहिलं, पण मागचा डोंगर काही मागे सरकेना, म्हणून राजधानी सुव्हाला गेली. जहाजं तिकडे वळली. व्यापाऱ्याची नातवंडं सिडनीला गेली, गोदाम ओसाड पडलं. शपथ मात्र राहिली. आम्ही मातासावात शाळेला जातो, मासे विकतो, लग्नाला नाचतो, पण झोपायला वर येतो. बंदरातले सगळे रात्रपाळीचे पहारेकरी आमचेच असतात. मालकांना माहीत आहे, देलाइवातूचा माणूस तिथे डोळा लावणार नाही. गोदामाची किल्लीसुद्धा आमच्या सावेनाथाकडे असते. तो चुलतभाऊ वर्षानुवर्षं तिथे रात्रभर ताठ बसून असतो आणि सकाळी वर येऊन घोरतो.

मी काच तशीच ठेवून घरात गेले.

माझा भाऊ आपिसाई घराच्या वरच्या, मानाच्या अंगाला, खांबाला टेकून बसला होता. वडिलांमागे तोच आमच्या कुळाचा प्रमुख. मी दाराजवळ बसले. आमच्यामध्ये चटईवर त्याची बायको मेरेओनी कसाव्याचे कंद सोलत होती. मी मोठी झाले त्या वर्षापासून भावाशी बोललेले नाही, तोही माझ्याशी नाही. भांडण नाही, हा आमच्याकडचा मान आहे. एकाच छपराखाली बसून आमचे शब्द मेरेओनीच्या हातून जातात.

"वहिनी," मी म्हटलं, "त्याला सांग, काच तुटली."

मेरेओनी नवऱ्याकडे वळली. "तुझी बहीण म्हणते, तिची काच तुटली."

"नवी आणू म्हणावं सुव्हाहून."

"नवी आणू म्हणतो."

"ऐकलं मी."

"ऐकलंस तर ऐकलंस, मी माझं काम करते," मेरेओनी म्हणाली. "दोन बहिरी माणसं माझ्या पदरी पडलीत, आणि दोघांचेही कान सशाचे."

कोपऱ्यात पांघरूण घेऊन बसलेली लातिलेता आत्या खुदकन हसली. आमच्या वडिलांची ती थोरली बहीण. शपथ तोंडपाठ असलेली आता ती एकटीच.

"त्याला सांग," मी म्हटलं, "भिंत पडणार आहे."

मेरेओनीने तोंड उघडलं आणि मिटलं. सुरीने कसाव्याची साल एका दमात खालपर्यंत उतरवली. मग म्हणाली, "भिंतीला जरा त्रास होतोय म्हणते."

"त्रास नाही. पडणार."

"बाई गं, असं तोंडावर कुणी बोलतं का? भिंत आहे, पपई नाही पडायला."

"कांदावूच्या बाईकडे निरोप दिला की तो साखर घालूनच पोचतो," आत्या म्हणाली. "हिच्या बेटावर मेलेल्याला सुद्धा जरा थकलाय म्हणतात."

"आणि तुमच्या बेटावर जिवंत माणसाला शवपेटीची लाकडं मोजायला लावतात," मेरेओनी म्हणाली.

आपिसाई हसला नाही. तो खांबाकडे बघून बोलला. "सकाळपासून नारळाचे ओंडके टेकवतोय भिंतीला. आजोबांच्या वेळचं वादळ तिने काढलं. बाबांच्या वेळची दोन काढली. पावसाने पडेल होय?"

"वहिनी, त्याला सांग, तेव्हा भिंत कोरडी रचलेली होती. दगडांमधून पाणी वाहून जायचं. आता तिला सिमेंट आहे."

हे वाक्य मेरेओनीने पोचवलंच नाही. ते पोचवायची गरजही नव्हती. 

बाबा गेले तेव्हा आपिसाईने स्वतःच्या हातांनी ती भिंत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गिलावा करून गुळगुळीत केली होती. वर पांढऱ्या शिंपल्यांची रांग बसवली होती. मृत्यूनंतरच्या शंभराव्या रात्रीच्या जेवणाला आलेले लोक ती बघून गप्प झाले होते. खालच्या गोदामाची भिंत सुद्धा इतकी देखणी नव्हती. म्हणूनच तर त्याने ती तशी केली होती.

मी पुन्हा बाहेर पडले. घरात बसून माझं म्हणणं सिद्ध होणार नव्हतं.

भिंतीच्या पायथ्याशी आमचा झरा आहे. गिलावा करताना आपिसाईने तेवढ्याच ठिकाणी एक नळी सोडली होती. खाली दगडी कुंडी, तिथे घागरी भरतात. उन्हाळ्यातही ती नळी करंगळीएवढ्या धारेने वाहायची. मी ओंडक्यांना वळसा घालून, भिंतीपासून शक्य तितकं दूर राहून तिच्याकडे पाहिलं. आभाळातून पाणी ओतत होतं, आणि नळीच्या तोंडाला एक थेंब लोंबत होता. तो पडला. दुसरा यायला मी बराच वेळ थांबले. तो आला तेव्हा गढूळ होता.

मी वर धावले. धावताना ओल्या गवतात एकदा पडले.

"झरा बंद आहे," मी दारातून म्हटलं.

मेरेओनीच्या हातातली सुरी थांबली. त्या नळीचं पाणी ती रोज भरायची. "झरा बंद आहे," ती नवऱ्याला म्हणाली. या वेळी तिने एक शब्दही बदलला नाही.

"पावसात झरा कसा बंद होईल?"

"पाणी आत साठतंय म्हणून," मी म्हटलं. मी मेरेओनीकडेच बघत होते, पण शब्द तिच्यावर थांबत नव्हते. "माती मागे सुजली आहे. नळी बुजली. बाहेर यायला दुसरी वाट नाही. गिलाव्यात हातहातभर अंतरावर भोकं ठेव, असं मी सांगितलं होतं."

आपिसाईने मान वर केली. आमच्यामधल्या खांबाकडे बघून त्याने विचारलं, "कधी?"

मी मेरेओनीकडे पाहिलं.

"मेरेओनी, कधी सांगितलं होतं?"

मेरेओनीने सुरी पातेल्यात ठेवली. "तू शिंपले बसवत होतास तेव्हा," ती म्हणाली. "हिने मला भोकांचं सांगितलं. मी तुझ्याकडे आले. तुझी बोटं सिमेंटने फुटली होती, आणि तू रडत होतास. रडत रडत शिंपले बसवत होतास. मी काय सांगणार होते, परत उकर म्हणून? मी म्हटलं, केलेरा म्हणते भिंत सुंदर झाली."

"मी तसंही म्हटलं होतं," मी म्हणाले. ते खरं होतं. दोन्ही वाक्यं मी एकामागून एक बोलले होते.

आत्या पुटपुटली, "कांदावूची साखर." पण या खेपेला त्यात गंमत नव्हती.

आपिसाई उठला. आमच्याकडे घरात कुणी असं ताडकन उभं राहत नाही, बसलेल्यांच्या डोक्यांवरून चालत नाही. तो चालला. दारामागची पहार उचलली आणि म्हणाला, "भोकंच पाडायची आहेत ना. पाडतो."

आणि तो पावसात गेला.

क्षणभर मला वाटलं, बरं झालं, कळलं त्याला. मग तो काय करायला निघाला आहे ते माझ्या लक्षात आलं. उन्हाळ्यात पाडलेलं भोक भिंत वाचवतं. भरलेल्या भिंतीला पाडलेलं भोक म्हणजे फुग्याला टाचणी. पाणी भोकापुरतं बाहेर येत नाही, ते माती आणि दगड घेऊन येतं, आणि समोर जो उभा असेल त्याला घेऊन जातं.

"वहिनी, थांबव त्याला! खाली उभं राहू नको म्हणावं! भोक पाडलं तर—"

मेरेओनी उठेपर्यंत तो भरावाच्या टोकावरून खाली उतरला होता. आम्ही दोघी धावलो. ती माझ्या पुढे होती, पण तिच्या कडेवर धाकटी लेक होती आणि पाय निसटत होते. ती ओरडली, "अरे, ती म्हणते जरा थांब, ती म्हणते—"

जरा थांब. अशा वेळीही तिच्या तोंडातला "जरा" गेला नाही.

तो भिंतीसमोर पोचला होता. गुलाबी दगड जिथे आहे त्याच्या जवळच गिलावा पोट आल्यासारखा पुढे आला होता. त्याने बरोबर तीच जागा निवडली. पाय रोवले. पहार मागे नेली.

"दादा! थांब!"

माझा आवाज मलाच परका वाटला. लहानपणी ओढ्यात पोहताना मी त्याला अशीच हाक मारायचे. त्यानंतर कधीच नाही.

पहार हवेतच राहिली. तो वळला. त्याने माझ्याकडे पाहिलं, थेट डोळ्यांकडे, आणि त्याच्या चेहऱ्यावर आधी लाज आली, मग भीती. मला कळलं, भिंतीची भीती त्याला आत्ता वाटली. मी माझ्या तोंडून बोलले, म्हणजे गोष्ट खरंच तेवढी मोठी असणार, हे त्याने कुठल्याही मोजमापापेक्षा लवकर ओळखलं.

"तिथून बाजूला हो," मी म्हटलं. "हळू. सोंडेच्या बाजूने वर ये. पहार टाकू नको, जमिनीवर आपटू नको, घेऊन ये."

तो आला. वर येऊन माझ्यापासून दोन हातांवर उभा राहिला. आजूबाजूच्या घरांच्या दारांत माणसं जमली होती. माझी हाक सगळ्यांनी ऐकली होती. आत्या केळीचं पान डोक्यावर धरून पायरीवर आली होती.

आपिसाईने पहार हळूच जमिनीवर टेकवली. मग मेरेओनीकडे न बघता, मला म्हणाला, "भोक पाडलं असतं तर?"

"तू गेला असतास. त्यानंतर भरावावरचं बाबांचं थडगं, आपलं घर, मग बाकीची."

"नाही पाडलं तर?"

"तरी जाईल. पाऊस थांबेपर्यंत ती टिकेल असं मला वाटत नाही. गेली की सगळं ओढ्यातून खाली जाईल, पार बंदराच्या दक्षिणेच्या टोकाला. तिथे आता कुणी राहत नाही. सोंडेच्या पलीकडे काही येणार नाही. गोदाम सोंडेच्या पलीकडे आहे."

गोदाम हा शब्द ऐकून दारांतली कुजबुज थांबली.

"मी केलं हे," आपिसाई म्हणाला.

"पाणी पाऊस आणतो. तू वडिलांची भिंत चांगली दिसावी म्हणून गिलावा केलास. भोकांचं तुला कुणी सांगितलं नाही."

मेरेओनी रडत होती. धाकटी तिच्या खांद्यावर, एवढ्या गोंधळात, झोपून गेली होती.

"ऐका माझं," आत्या म्हणाली. तिचा आवाज बारीक होता, पण सगळे वळले. "खाली जाऊ. त्याला हरकत नाही. सावेनाथा गोदाम उघडून देईल. यांगोनाची मुळी भिजवू, पेयाचं भांडं मध्ये ठेवू, गाऊ, गप्पा मारू. बसून राहू. पाठ टेकवायची नाही. पहारेकरी हेच करतात की नाही? चटई पडली नाही म्हणजे शपथ मोडली नाही."

लोकांनी माना डोलावल्या. कुणीतरी सुटकेचा श्वास सोडला. "आत्या बसल्याबसल्या घोरेल," एक जण म्हणाला, आणि थोडे हसलेही. मला तो बेत ऐकून वाईट वाटलं, कारण तो किती शहाणपणाचा होता आणि किती अपुरा, हे मलाच सांगावं लागणार होतं.

"आत्या," मी म्हटलं, "हे एका रात्रीचं नाही. पाऊस थांबला तरी ही माती परत घट्ट होणार नाही. भिंत पडली नाही तरी मी कुणाला इथे परत येऊ देणार नाही. इथे आता घर नाही."

"म्हणजे कायमचं?"

"कायमचं."

"आणि वाळू अजून त्यांच्याच कागदावर आहे."

"हो."

आत्याने केळीचं पान खाली केलं. पाऊस तिच्या पांढऱ्या केसांवर पडू लागला. ती आपिसाईकडे बघत राहिली. मग सगळेच त्याच्याकडे बघू लागले. मला जे माहीत होतं ते मी सांगून टाकलं होतं. पुढचं वाक्य माझं नव्हतं.

तो भिंतीच्या कडेकडे बघत होता. तिथून खाली, पावसाच्या पडद्यामागे, बंदराचा पत्र्याच्या छपरांचा पट्टा दिसत होता, आणि सोंडेला चिकटून गोदामाची काळी भिंत. आमच्या पायांखाली काहीतरी हललं. आवाज नव्हता, नुसती एक थरथर, जहाज धक्क्याला लागल्यासारखी. कडेवरचा एक पांढरा शिंपला निसटला आणि खाली गेला. तो पडल्याचा आवाज आम्हाला आला नाही.

आपिसाईने मेरेओनीच्या खांद्यावरून धाकटीला घेतलं. ती जागी झाली नाही. त्याने तिचं ओलं डोकं आपल्या मानेत नीट बसवलं, तिच्या मिटलेल्या डोळ्यांकडे पाहिलं, मग आत्याकडे.

"बसून किती दिवस, आत्या?" तो म्हणाला. "हिने पण बसून राहायचं?"

आत्याने केळीचं पान पायरीवर ठेवलं.

"लाली वाजवा," तो म्हणाला, आणि दारातल्या दोघांनी लाकडी ढोल बडवायला सुरुवात केली. ढोलाचा आवाज थोडा उतरल्यावर तो माझ्याकडे वळला. मेरेओनी आमच्या मधेच उभी होती, पण त्याने तिला काही सांगितलं नाही.

"केलेरा," तो म्हणाला, सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने, "चटया बरोबर घ्यायला सांग. आज आपण खाली झोपणार आहोत."